अकरा गार उंदीर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरांना तर नाहीच. खासबागेतल्या घरी कुणी आलं की मी प्लेगच्या, पिसवांच्या, रानउंदरांच्या गोष्टी रंगवून सांगतो — आणि एका ठिकाणी आलो की विषय बदलतो. आज नाही बदलणार.

तीसएक वर्षांपूर्वी नंदगडच्या बाजूला आम्ही रानउंदीर धरायचो. प्लेग माणसाकडे येतो तो उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमधून. तेव्हा कुठल्या रानातल्या उंदरांवर किती पिसवा आहेत, हे बघत राहणं आमचं काम. काय दिवस होते ते! दवानं भिजलेले बांध, पिंजऱ्यात लावायला आणलेली गरम कांदाभजी, आणि पिंजरे लावणारे आप्पा. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. बिळाच्या तोंडाशी बसून माती चिमटीत घ्यायचे आणि आत कुणी राहतंय की नाही ते सांगायचे. शाळा चौथीपर्यंत, पण माझी पदवी त्यांच्यापुढे पाणी भरायची. मी भज्यांकडे हात नेला की म्हणायचे, "सायेब, उंदरांस्नी बी ऱ्हाऊ द्या की थोडी." फार जीव होता माझा त्यांच्यावर. होता ना? मग मी तसं का वागलो?

कामाचा एक नियम होता. उजाडताच पिंजरे उचलायचे, आणि एकेक पिंजरा पांढऱ्या पिशवीत घालून तोंड बांधायचं. कारण उंदीर मेला, अंग गार पडलं, की पिसवा त्याला सोडून जातात; पिशवी असली की त्या तिच्यातच अडकून राहतात. पिशव्या माझ्या जीपमध्ये असायच्या. पिशवीशिवाय पिंजरा जागचा हलवायचा नाही, हे मीच आप्पांना बजावलं होतं.

आणि त्या दिवशी — आदल्या दिवशी निपाणीला मित्राचं लग्न होतं, मी तिथंच राहिलो, सकाळी जागच आली नाही. रानात पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. पत्र्याचे पिंजरे उन्हात तापलेले. आप्पा डोक्याचा पटका सोडून एका पिंजऱ्यावर सावली धरून उभे होते. एका पटक्यानं किती झाकणार? अकराच्या अकरा उंदीर मेले होते. मी ब्रशनं त्यांचे केस विंचरले, पांढऱ्या ताटात एकही पिसू पडली नाही. वहीत त्या गावापुढे शून्य लिहून टाकलं.

आजूबाजूच्या सगळ्या रानांत पिसवा, मग इथंच कशा नाहीत? मोठ्या साहेबांनी नेमकं हेच विचारलं. मी म्हणालो, मी वेळेवर गेलो होतो, आप्पांनाच झोप लागली, पिंजरे दाखवायला त्यांनी उशीर केला. किती सहज आलं ते तोंडात — अडखळलोसुद्धा नाही.

साहेबांनी आप्पांना बोलावून विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"व्हय सायेब," ते म्हणाले, "डोळा लागलता माझा."

दुसऱ्या दिवसापासून त्यांना कामावर घेतलं नाही. मी पुढं मोठा झालो, पिसवांवरचा जाणकार म्हणून लोक मला बोलवू लागले.

काही वर्षांनी नंदगडला एका चहाच्या टपरीवर आप्पा दिसले. पार वाळले होते. मला बघून धडपडत उठले, बाकावर जागा केली, माझ्यासाठी चहा सांगितला. शेजारचा एकजण म्हणाला, "आप्पा, ह्येच न्हवं का ते सायेब? तुमी झोपलासा आन ह्येंचं समदं उंदीर मेलं?"

टपरीवर हशा पिकला. गावानं इतकी वर्षं त्यांची हीच थट्टा केली होती तर! आणि त्यांनी तिथंही खरं काय ते सांगितलं नव्हतं. मला बोलायचं होतं. मीच झोपलो होतो — एवढंच तर म्हणायचं होतं.

आप्पा खाली मान घालून हसले. मीही हसलो.