अनसूयाकाकूची मोठी बांधी

अनसूयाकाकू चहा कधी बसून प्यायली नाही. कप हातात घेऊन ती दारातून अंगणात आणि अंगणातून रस्त्यावर जायची. रिकामा कप कोणाच्या ओट्यावर सापडेल याचा नेम नसे. "बसा ना काकू," म्हटलं की म्हणायची, "बसलं का भेव येऊन बाजूले बसते वो पोरी. चालत राह्यलं त त्याले बी मागं मागं या लागते. थकते बिचारं."

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलजवळच्या आमच्या गावात ती रोवण्याच्या टोळीची प्रमुख होती. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, चिखलात रोवायला बारा बायका घेऊन ती आसपासची गावं फिरायची. माझी आईही त्याच टोळीत होती. काकूच्या टोळीला लोक आधीपासून सांगून ठेवत, कारण तिच्या हाताचं धान बसलं म्हणजे बसलं.

मी बारावी झाले त्या उन्हाळ्यात ती वैनगंगेपलीकडे एका लग्नाला गेली आणि न जेवताच परत आली. वाटेत तिला उन्हाळी धानाची एक बांधी, म्हणजे बांध घातलेला शेताचा तुकडा, दिसली होती. दोरीच्या रेषेत, वीतभर अंतरावर, एकेकच रोप! आमच्याकडे महिनाभराचे पऱ्हे चार-पाच मिळून रोवतात आणि बांधी पाण्याने भरून ठेवतात. तिथल्या शेतकऱ्याने सांगितलं, बारा दिवसांचं कोवळं रोप, एकेकटं, आणि पाणी नुसतं ओलीपुरतं. रोप मग मोकळं फुटतं. मांडवात पंगती उठल्या तरी काकू त्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभीच होती.

काकूच्या घरच्या दोनच बांध्या. वर्षाचा भात मोठीतून यायचा. धर्माभाऊ, तिचे यजमान, म्हणाले, "लहान बांधीत करून पाय ना. मोठी काऊन? सालभर खायाचं काय?"

"लहानीत केलं त मी तिच्याकडे पाहीन बी नाई," काकू म्हणाली. "पोट अडकलं पायजे, तवा डोये उघडे राह्यतात." हे बोलताना तिचे हात पदराला पीळ घालत होते.

रोवण्याच्या दिवशी ती टोपलीत मातीसकट कोवळी रोपं घेऊन आली, तेव्हा टोळीत हसू पिकलं. "काऊन वो अनसूयाबाई, दूध सुटाच्या आधीच लेकीले सासरी धाडून राह्यल्या?" काकूही हसली, पण दोरी तिने स्वतः ताणली. खरा घोळ पुढे झाला. वीस-वीस वर्षं मुठीने रोवणारे ते हात! दोन रेषा झाल्या की पुन्हा चार-चार रोपं एकत्र. काकू मागून यायची आणि जास्तीची उपटायची. शेवटी माझी आई चिडली, "मी आयकून राह्यली ना बाई, माहा हातच नाई आयकून राह्यला!"

आठ दिवस ती बांधी नुसता चिखल दिसत होती. येणारा-जाणारा थांबून विचारायचा, "अनसूयाबाई, तुमचा रोवणा कवा हाये?" काकू दिवसातून सहादा धुऱ्यावर जायची. मला म्हणायची, "चाल, पाहून येऊ." काय पाहायचं, ते दोघींनाही ठाऊक नव्हतं.

मग ती टोळी घेऊन दोन दिवस दुसऱ्या गावी गेली आणि इकडे मोठा पाऊस झाला. तिचे दीर सुखदेवभाऊ बांधीवरून जात होते. काकूने मुद्दाम उघड्या ठेवलेल्या धुऱ्याच्या तोंडातून पाणी वाहून जाताना दिसलं. रोवण्याच्या दिवसांत असं पाणी पाहून तोंड न बांधता पुढे जाणारा माणूस आमच्याकडे नाही. त्यांनी मायेने, नीट चिखल थापून ते बंद केलं.

काकू परतली तेव्हा बोटभर रोपांवर गुडघाभर पाणी होतं. तिने हातांनीच धुरा फोडला. "वैनी, पाणी वाया जाऊन राह्यलं होतं ना!" सुखदेवभाऊ गोंधळून म्हणाले. तिला रागावताही येईना. पाणी उतरलं तेव्हा खालचा सगळा कोपरा सडलेला होता.

शेजारच्यांकडे मोठे पऱ्हे उरले होते. सगळे म्हणाले, "वेळ गेली नाई, घ्या अन् रोवून टाका." काकू बांधीभोवती फिरत राहिली. एक फेरी, दुसरी, तिसरी. मग आपल्या वाफ्यातले उरलेसुरले पऱ्हे घेऊन खळगे भरायला उतरली. टोळीला बोलावलं नाही. मी मागोमाग उतरले.

"तुही कालेज कवा हाये?" मध्येच तिने विचारलं.

चंद्रपूरच्या कॉलेजात माझं नाव लागून चार दिवस झाले होते. आमच्या घरात दहावीपुढे कोणी गेलं नव्हतं. मी म्हटलं, "मले भेव वाटते काकू."

"मले बी वाटून राह्यलं. मंग काय, दोघीनं घरी बसाचं?"

तिसऱ्या दिवशी मी एसटीत बसले. आज मी शाळेत शिकवते, त्याच्या मुळाशी तो चिखलातला प्रश्न आहे.

वसतिगृहातून मी आईला फोन करायची तो आधी बांधीचं विचारायला. "टकलीच हाये," आई सांगायची. मग एकदा, "हिरवी दिसून राह्यली थोडी." मग कितीतरी दिवस, "तीच सांगत नाई वो काही, नुसती फिरते."

दिवाळीला गेले तेव्हा काकूने मला थेट बांधीवर नेलं. सडलेला कोपरा विरळच होता. पण बाकीच्या बांधीत एकेका रोपाचा एवढा थोरला झुपका झाला होता की मुठीत मावेना, आणि लोंब्या खाली लवल्या होत्या. वर्षाचा भात निघणार होता. धर्माभाऊ धुऱ्यावर बसून नुसते बघत होते.

"पुढच्या साली दोन्ही बांध्या," काकू म्हणाली.

मी विचारलं, "म्हणजे भेव गेलं आता?"

"कुठी गेलं वो!" ती लहान बांधीकडे चालायला लागली होती. "आता त दोन बांध्यांचं हाये."