पाडव्यापर्यंत थांबवलेला डॉलर

"डॉलरचं कव्हर आजच घेऊन टाका, शेठ," मी पुन्हा म्हणालो.

प्रमोदशेठ ऑफिसच्या दारावर झेंडूचं तोरण बांधून घेत होते. मान न वळवता म्हणाले, "गवईसाहेब, आज धनतेरस आहे. आमच्या घरात पाडव्यापर्यंत तोट्याचा सौदा लिहीत नसतात."

मलकापुरातल्या त्यांच्या जिनिंगमध्ये मी मॅनेजर होतो. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. बीटी बियाणं आलं आणि कापूस इतका यायला लागला, की जुनी मशीन पुरेना. शेठनी परदेशी मशीन आणली. बँकेमार्फत, डॉलरच्या कर्जावर. व्याज रुपयाच्या कर्जापेक्षा बरंच कमी. मुदत थोड्या महिन्यांची, संपली की बँक नवी करून देणार. मशीनचे पैसे निघायला मात्र कितीतरी हंगाम लागणार होते. आणि गाठी विकायच्या इथल्याच गिरण्यांना, रुपयांत.

हे सगळं मी आधी पाहिलं होतं. नव्वदीच्या दशकात मी थायलंडमधल्या एका सूतगिरणीत कापूस पारखायला होतो. तिथं सरकारनं डॉलरचा भाव बांधून ठेवला होता, म्हणून गिरण्यांनी, बिल्डरांनी, बँकांनीही बिनधास्त स्वस्त डॉलर उचलले. कर्ज डॉलरचं, कमाई त्यांच्या बाहतची, मुदत छोटी. पुढं निर्यात मंदावली. बाहेरचे सावकार घाबरून पैसे मागायला लागले. भाव धरून ठेवता ठेवता सरकारचे डॉलर संपत आले. भाव सुटला आणि कर्जं जवळजवळ दुप्पट झाली. परदेशात माल विकणाऱ्या गिरण्यांनाही कापूस घ्यायला बँक उधार देईना. आमची गिरणी बंद पडली आणि मी परत आलो.

कव्हर म्हणजे पुढं लागणाऱ्या डॉलरचा भाव आजच ठरवून ठेवणं. तो आजच्या भावापेक्षा जरा महाग पडतो. शेठच्या लेखी तोच तोटा.

"ते तिकडचं झालं," शेठ म्हणाले. "इथं काऊन होईन तसं? पाडवा होऊ द्या, मंग घेऊ."

पाडवा झाला. डॉलर थोडा चढला होता. "उतरला की घेऊ," शेठ म्हणाले. तो उतरलाच नाही.

ते महिने मला फार जड गेले. बायको-मुली नागपुरात, मी स्टेशनाजवळच्या खोलीत एकटा. कोणाशी बोलावं तर थायलंडचं नाव काढताच कामगार हसत उठायचे. "चला बे, साहेबाचं बँकॉक चालू झालं." मीही बोलणं सोडलं. खोलीवर नुसती भीती वाटायची, आणि ती सांगायला कोणी नव्हतं.

रुपया घसरत गेला, तसं रुपयात कर्ज फुगत गेलं आणि मुदत संपल्यावर बँकेनं ते नवं करून द्यायला नकार दिला. शेठकडं एवढी रक्कम नव्हती. जिनिंग लिलावात गेली.

नवा मालक ताबा घ्यायला आला, त्या दिवशी शेठ रिकाम्या शेडमध्ये बसले होते. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

"तुम्ही सांगतलं होतं मले," ते म्हणाले.

"हो."

"मंग भांडले काऊन नाही माह्याशी?"



आता त्यांचं गुरांच्या सरकी-ढेपेचं दुकान आहे. मी समोरून दिसलो, की ते रस्ता ओलांडून पलीकडं जातात.

रुपयात कमावणाऱ्यानं कव्हरशिवाय, उघड्या अंगानं डॉलरचं कर्ज घेऊ नये, एवढं मी या धंद्यात शिकलो. आणि ज्याचं म्हणणं खरं ठरलं, त्यानं कोणाच्या सोबतीची आशा ठेवू नये.