पाऊंड उतरायची वाट

सहासष्ट सालच्या उन्हाळ्यात मी पोलाद कारखान्याजवळच्या कॅम्प-१ या वस्तीतल्या एका ठेकेदाराकडे टायपिस्ट होते. कारखान्याच्या विस्ताराचं काम जोरात चाललं होतं आणि आमच्याकडे अवजड सामान उचलणारी एकच विलायती क्रेन होती. मालक भंडाऱ्याकडचे, शेतकरी घरातले. सगळे त्यांना भाऊ म्हणत.

विलायतेहून सुटे भाग मागवले की बिल पाऊंडात भरावं लागे. सिव्हिक सेंटरमधली बँक नागपूरला ट्रंक कॉल लावून त्या दिवसाचा भाव विचारी. फरक पडे तो दोन-चार पैशांचा. पण एक-दोनदा भाऊंनी जरा थांबून स्वस्तात पाऊंड घेतले आणि त्यांना त्याची गोडीच लागली. सकाळी लंडनच्या बातम्या ऐकूनच ते ऑफिसात येत. पाऊंडाची हालत पतली आहे, तो घसरणार, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तो पुढे घसरलाही, पण वर्ष-दीड वर्षानं.

अशातच क्रेनचा मोठा गिअर तुटला. मागवलेला नवा गिअर मुंबईच्या गोदीत येऊन पडला होता. बँकेत पैसे भरल्यावर कागद मिळणार, आणि कागद दाखवल्यावरच माल सुटणार. क्रेनवरची माणसं शेडच्या सावलीत नुसती बसून होती. कारखान्याचे साहेब रोज फोन करून ओरडत आणि तो फोन मलाच घ्यावा लागे.

शनिवारी भाऊ चेक घेऊन बँकेत निघाले. कागदांवर टाईप केलेलं काही बदलावं लागलं तर म्हणून मलाही जीपमध्ये घेतलं. मॅनेजरांनी नागपूरला फोन लावला. भाव कालपेक्षा किंचित चढला होता. भाऊंनी पुढे केलेला चेक परत खिशात घातला.

"सोमवारी उतरते पाहा," ते म्हणाले.

रुपयाचंच काही खरं नाही, अशी कुजबुज पेपरांत सुरू होती.

"भाऊ, भरून टाका ना. गिअर तर लागतोच."

"तुमाले कावून एवढं भेव वाटून राहिलं, बाई? दोन दिवसांनी काय होते?"

काउंटर बंद व्हायला आला होता. मॅनेजरांनी एकदा माझ्याकडे, एकदा भाऊंकडे पाहिलं. भाऊ दारापर्यंत गेले, थांबले. मला वाटलं, परत फिरतील. पण ते जीपमध्ये जाऊन बसले.

सोमवारी सकाळी शेजाऱ्यांच्या रेडिओवर ऐकलं, सरकारनं रुपयाची किंमत उतरवली. तेरा रुपयांना मिळणारा पाऊंड आता एकवीस रुपयांना पडणार होता. मी न जेवताच ऑफिसात पळाले. भाऊ आधीच येऊन बसले होते, समोर रेडिओ, पण बंद केलेला.

"ऐकलं?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी जीपची किल्ली टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "जीप विकाची हाय, अशी जाहिरात टाईप करा."

"आणि माणसं?"

"त्याइचा पगार कापाचा नाही. चूक माही हाय."

शेडमध्ये जाऊन त्यांनी सगळं स्वतः सांगितलं. मी दारात उभी होते. माणसं चिडतील, काम सोडतील, अशी मला धास्ती होती. क्रेन चालवणारा म्हातारा उठला आणि एवढंच म्हणाला, "गिअर कधी येते ते सांगा, भाऊ."

जीप गेली, वहिनींच्या पाटल्याही गेल्या. गिअर आला. ज्या दिवशी क्रेननं पहिला गर्डर उचलला, त्या दिवशी भाऊ लांब, सायकलला टेकून उभे होते. वर बघायची त्यांची हिंमत होत नव्हती. गर्डर जागेवर बसल्याची आरोळी आली तेव्हा त्यांनी टोपी काढून तोंड पुसलं.

"चला," ते म्हणाले, "आता जेवून घ्या सगळे."