बिनमुळीचा अर्क

"मुळीला विचारण्याआधी भांड्याला विचारा," असं खामपन काका नेहमी म्हणायचे. थायलंडमधल्या चिआंगमाईच्या कॉलेजात प्रयोगशाळेची भांडी धुण्यात आणि अर्क आटवण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली.

मी नान प्रांतातल्या डोंगरातून औषधी मुळ्या खणून त्यांच्याकडे पोचवायचो. आमच्याकडे तापावर ही मुळी उगाळून देतात. तिच्यात नेमकं काय आहे, हे नुआनचान नावाची संशोधक पोरगी शोधत होती. मुळ्या कुटायच्या, स्पिरिटात भिजवायच्या, अर्क आटवायचा आणि पांढऱ्या पुडीने भरलेल्या उंच काचनळीतून थेंबथेंब उतरवायचा. प्रत्येक पदार्थ आपापल्या चालीने खाली येतो, कुणी आधी, कुणी मागून. दोन वर्षांच्या खटपटीनंतर तिच्या हाती चमचाभर तेल आलं. या मुळीतून आजवर निघालेल्या कशाशीच ते जुळेना.

तेल पुढच्या तपासणीला बँकॉकला जायचं होतं. नवा पदार्थ ठरला तर छापून येणाऱ्या लेखावर काकांचंही नाव लागणार होतं. पहिल्यांदाच. घरी त्यांनी बायकोला ते कागदावर लिहून दाखवलं होतं.

त्या शुक्रवारी मी पोतं घेऊन पोचलो, तर काकांनी तोच सगळा खटाटोप मुळी न घालता केलेला.

नुआनचान हसली. "काका, बिनतांदळाचा भात शिजवताय?"

"हो. शिजला तर?"

त्यांनी पूड थापलेल्या काचपट्टीवर दोन ठिपके शेजारीशेजारी ठेवून द्रावाबरोबर वर चढू दिले, एक तिच्या तेलाचा, एक बिनमुळीच्या अर्काचा. जांभळ्या दिव्याखाली दोन्ही डाग एकाच उंचीवर थांबलेले दिसले, म्हणजे पदार्थ तोच.

"हे प्लॅस्टिकच्या कॅनमधून स्पिरिटात उतरलंय," काका म्हणाले. "स्पिरिटाच्या काचेच्या बाटल्या फुटल्या, तेव्हा कॅन मीच आणला."

"कुणाला कळणारे, काका?"

"बँकॉकच्या यंत्राला कळेल. आणि मला तर कळलंच."

"माझी दोन वर्षं गेली हो!"

"दोन कशी? कॅन येऊन नऊ महिने झाले. त्याआधीचे अर्क काचेत आहेत. तिथून धर."

"आणि तुमचं नाव?"

"कॅनवर लिही."

ती हसली नाही. माझ्या मुळीला मात्र कुणी नावं ठेवू नयेत. तिला अजून कुणी धड विचारलंच नव्हतं.

काकांनी दिवा बंद केला, हात धुतले आणि सायकल हातात धरून ते फाटकाकडे चालत निघाले. मी पायरीवर पोत्याशेजारी उभा राहून पाहत होतो. नुआनचान खिडकीत होती, हातमोजे न काढता. मग वळून तिने नऊ महिन्यांपूर्वीच्या अर्काची बाटली उचलली.