जाऊबाईंचे चिंचोके

चिंच फोडताना चिंचोके हातात आले, की बहात्तरच्या दुष्काळातली सेनगावची आमची कोठीची खोली आठवते. जाऊबाई पहाटे तिथं दार लोटून दळायच्या. जेवायलाही सगळ्यांच्या मागून, भिंतीकडं तोंड करून बसायच्या. स्वतःच्या लेकरांसाठी ज्वारी चोरतात, अशी माझी खात्रीच झाली. एकदा मी दार ढकललंच. "काय दडवून राहिल्या, बाई?" जात्याभोवती चिंचोक्यांचं पीठ पडलेलं. "माझ्या भाकरीत मिसळते," त्या खालमानेनं म्हणाल्या. "ज्वारी तुला पुरायला पाहिजे. तू पोटुशी हाईस." आता सून स्वयंपाकघराचं दार लोटते, तेव्हा संशय येतोच. पण आधी मी माझ्या ताटातली भाकरी बघते.