येते म्हणून गेलेली

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच नीट जमलं नाही. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी कधी कुणाच्या हाती पडलं तर चुकांना रागावू नये.

परवा देवळात प्रवचनाला बुवा म्हणाले, माणूस मुळात परोपकारी, स्वार्थ त्याला मागाहून चिकटतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी नाही. एकदा डोलावली होती, ती पुरे झाली.

तेव्हा आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत गव्हाण गावाकडचं बिऱ्हाड होतं. नवरा मिठागरावर जायचा. त्यांचं तान्हं पोर तापानं फणफणलं. डॉक्टर म्हणाले, मुंबईला न्या. पैसे कुणाकडेच नव्हते. समोरच्या मावशींना मात्र त्याच आठवड्यात भिशी लागली होती, चाळीस रुपये. मावशी विधवा, घरोघरी पोळ्या लाटायच्या. ते पैसे मुलीच्या लग्नाचे. शेजारीण रडत त्यांच्या उंबऱ्यात बसली. मावशींनी माझ्याकडे पाहिलं.

"तुझ्या भिंतीला भिंत आहे. देऊ का गं? परत येतील ना?"

चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. मी मान हलवली. मावशींनी डबा उघडला.

निघताना शेजारणीनं माझा हात धरला. "येते हं, ताई."

महिना गेला, दोन गेले. घरमालकानं खोलीला आपलं कुलूप लावलं. विहिरीवर बायकांनी मला घेरलं. मी कसंबसं म्हटलं, "ती येते म्हणाली होती."

सगळ्या हसल्या. उरणची मासेवाली टोपली टेकवून उभी होती, तीही हसली. "वयनी, निंगताना जाते कोन बोलतं गो? मरनारी पन येतेच बोलंल!"

पुढं त्यांच्या गावाहून कळलं, पोर मुंबईतच गेलं आणि ती दोघं परतलीच नाहीत. मला तिचा राग धड करता येईना. आपल्या लेकरासाठी तिनं दुसरीच्या लेकीचं लग्न नेलं. त्याला स्वार्थ म्हणायचं की माया, मला अजून सांगता येत नाही.

थोडे थोडे मिळून भरू या का विचारलं, तर भिशीतल्या बायका म्हणाल्या, "मावशींनी आपल्या मनानं दिले. आमचा काय संबंध?" घरी हेही तेच म्हणाले.

"तू कागदावर सही केलीस?"

"नाही. मान हलवली."

"मग नाही म्हणायला तोंड नव्हतं?"

यांच्या मजुरीत घरच भागत नव्हतं. मावशींचे पैसे फेडायला मी पोह्यांच्या भट्टीवर पाखडायला जाऊ लागले. कोंडा डोळ्यांत जाई, दिसेनासं होई. वैशाखात मावशींच्या मुलीचं लग्न ठरलेलं, आणि माझे जेमतेम नऊ रुपये जमलेले. माझ्या कानात आईच्या कुड्या होत्या. त्या विकायला सोनाराच्या दारापर्यंत गेले. पायरीवर चप्पलही काढली. मग पुन्हा घातली आणि परत आले.

लग्नात द्यायची भांडी जमली नाहीत म्हणून मुलाकडच्यांनी लग्न मोडलं. मावशी मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मी विहिरीची वेळ बदलली. भरल्या घागरीत तोंड दिसलं की पाणी ओतून द्यावंसं वाटे. कुड्या अजून माझ्याच कानात आहेत. बुवांनी त्या पाहिल्या असत्या तर काय म्हणाले असते?

पैसे फेडायचं मी सोडलं नाही. चांगली आहे म्हणून नव्हे. मावशींचं दार माझ्या दारासमोर होतं, म्हणून. कधी रुपया, कधी आठ आणे. कधी महिना कोरडा जाई, तेव्हा मी दार लोटून आत बसे.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर शेवटचे दोन रुपये त्यांच्या हातावर ठेवले. आत मुलगी कणीक मळत होती, तिनं मान वर केली नाही.

"मोजून घ्या," मी म्हटलं.

"काय मोजायचं त्यात," मावशी म्हणाल्या. पैसे कनवटीला लावले आणि दार पुढं ओढलं. चाळीसच्या चाळीस फिटले.