सगळ्या काळ्या वायरी बॉडीला

मी डूख धरणारी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा ठेवणार नाही. थेरगावच्या आमच्या सोसायटीत पार्किंगवरून एका काकांशी माझं वाजलं होतं. ते नंतर पेढे घेऊन आले. पेढे मी खाल्ले, भांडण विसरले नाही.

चाकणच्या एका कंपनीत मी पाच वर्षं हार्नेसच्या लाइनवर होते. हार्नेस म्हणजे गाडीतल्या सगळ्या वायरींचा एकत्र बांधलेला जुडगा. बोर्डावर खुंट्या ठोकलेल्या असतात, त्यांच्यातून एकेक वायर न्यायची आणि शेवटी टेप गुंडाळायची. तिथे एक गोष्ट अंगात भिनली. काळ्या वायरी दिसायला सारख्या असल्या तरी प्रत्येकीचा नंबर वेगळा असतो आणि जायची जागाही वेगळी असते.

तिथून मी भोसरीच्या एका गॅरेजमध्ये गेले. शर्यतीच्या गाड्या तयार करणारं गॅरेज. मालकांना सगळे सर म्हणायचे, मीही म्हणायचे. इंजिनात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे मी आजही मान्य करते. वायरिंग मात्र ते गॅरेजवाल्यांच्या जुन्या रीतीने करायचे. गाडीचा लोखंडी सांगाडा बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला असतो, म्हणून काळी वायर दिसली की जवळच्या बोल्टला कसायची आणि मोकळं व्हायचं. ‘सगळ्या काळ्या बॉडीला,’ असं ते प्रत्येक नव्या माणसाला शिकवायचे. दिव्यांना, हॉर्नला, पंख्याला ते चालून जातं.

चाकणजवळच्या एका गावचे शेठ मातीच्या ट्रॅकवर गाडी पळवायचे. त्यांच्या टर्बो गाडीत कंपनीचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, काढून बाहेरचा बसवायचा होता, आणि सोबत वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर. हा सेन्सर सायलेन्सरच्या पाइपात बसतो आणि जळलेल्या धुरावरून पेट्रोल जास्त जातंय की कमी ते सांगतो. सांगतो ते व्होल्टेजच्या भाषेत, अगदी बारीक आकड्यांत. म्हणून सेन्सर आणि ईसीयू या दोघांचं शून्य एकच असावं लागतं. सेन्सरची काळी बॉडीला लावली आणि ईसीयूची दुसरीकडे, तर दोन जागांमध्ये थोडा फरक पडतो आणि लॅपटॉपवर खोटा आकडा दिसतो. मी ती काळी वेगळी ओढून थेट ईसीयूच्या शून्याच्या, म्हणजे ग्राउंडच्या पिनपर्यंत नेली. दोन दिवस लागले. सर म्हणाले, “अगं, एवढं कशाला? बोल्ट आहे ना समोर.” मी हसले आणि माझंच केलं.

मग मामेबहिणीच्या लग्नासाठी मी चार दिवस रजेवर गेले. परत आले तोवर सरांनी गाडीला जादा पंखा बसवला होता आणि ट्यूनिंगही, म्हणजे सेन्सरच्या आकड्यावरून पेट्रोल ठरवणं, उरकलं होतं. पुढच्याच आठवड्यात ट्रॅकवर पिस्टन वितळला. पेट्रोल कमी पडून इंजिन तापलं की असंच होतं. मी गॅरेजमध्ये पोचले तर हार्नेस कापून भंगारात गेला होता. बघायला काही उरलंच नव्हतं.

त्याच संध्याकाळी सरांनी गॅरेजवाल्यांच्या ग्रुपवर लिहिलं, “वायरिंगमध्ये चूक होती. हार्नेसच्या लाइनवरची बाई ठेवली, माझंच चुकलं.” खाली अंगठ्यांची रांग लागली. शेठ मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, “ताई, तुमी घाई केली, दुसरं काय न्हाई.” ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

नोकरी गेली, आणि पुढे दोन वर्षं मला कुणी वायरीला हात लावू दिला नाही. पण सगळ्यात वाईट हे की हळूहळू माझाच माझ्यावरचा विश्वास उडाला. जेवताना ताटाशेजारी बोटाने मी ते सर्किट काढत बसायचे. खरंच चुकलं असेल का माझं? घरातला साधा प्लग बदलला तरी तीनदा तपासायचे. याचा राग मला नोकरी गेल्याच्या रागापेक्षा जास्त होता आणि आहे.

शेवटी तळवड्याला डायनोवर काम मिळालं. तिथे गाडी पट्ट्यांनी बांधून रोलरवर जागच्या जागी पळवतात आणि तिची ताकद मोजतात. गॅरेजवाले तासावर बुकिंग करून येतात. आज ना उद्या सर येणार हे मला माहीत होतं. गेल्या उन्हाळ्यात, भर दुपारी ते आले. स्वतःची नवी टर्बो गाडी, स्वतःच्या हातचं वायरिंग, आणि सोबत शेठ.

मला पाहून सर जरा अडखळले. मग लॅपटॉप उघडत म्हणाले, “तू फक्त पॉवर सांग. बाकीचं आम्ही बघतो.”

डायनोचा स्वतःचा वेगळा सेन्सर असतो. तो मी सायलेन्सरच्या तोंडात सारला. पहिल्या धावेत सरांच्या लॅपटॉपवर हवा-पेट्रोलचा आकडा अकरा आला, माझ्या स्क्रीनवर पावणेबारा. आकडा जितका मोठा तितकं पेट्रोल कमी. सर म्हणाले, “पेट्रोल फार जातंय,” आणि त्यांनी ते कमी केलं. दुसऱ्या धावेत त्यांच्याकडे साडेअकरा, माझ्याकडे साडेबाराच्या वर. ताकद वाढली, सर खूश झाले. तिसऱ्या धावेला त्यांच्याकडे बारा, माझ्याकडे तेरा.

मला सगळं कळलं होतं आणि मी गप्प होते. अजून एक धाव, फार तर दोन, आणि त्यांचा पिस्टन गेला असता. मला तो जायला हवा होता, अगदी मनापासून. सरांनी चौथ्या धावेसाठी गिअर टाकला आणि मी लाल बटण दाबून रोलर थांबवले.

चांगुलपणा म्हणून नाही. फुटलेल्या इंजिनाचं खापर कुणाच्याही डोक्यावर फोडता येतं, हे मी शिकले होते. मला ते इंजिन धडधाकट हवं होतं.

मी व्होल्ट मोजायचा मीटर सरांच्या हातात दिला. “सर, एक टोक सेन्सरच्या काळीला लावा, दुसरं ईसीयूच्या ग्राउंडच्या पिनला. पंखा, पंप, सगळं चालू ठेवा. आकडा मोठ्याने वाचा. शेठना ऐकू जाऊ दे.”

शून्य यायला हवं होतं. सरांनी टोकं काढून पुन्हा लावली.

“पॉइंट चार,” ते म्हणाले.

मी माझी स्क्रीन शेठकडे वळवली आणि दोन्ही आकडे दाखवले. शेठ शर्यतीतला माणूस, त्यांना समजायला वेळ लागला नाही. त्यांनी विचारलं, “सर, माझ्या गाडीचा पंखा तुमीच बसवला व्हता ना? तवा ताई लग्नाला गेलत्या.”

“हो,” सर म्हणाले. “एक काळी जास्तीची होती तिथे. कापून बोल्टला घेतली.” आणि बोलता बोलताच त्यांचा चेहरा उतरला.

म्हणजे त्यांना ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं मी एका खोटारड्याचा सूड मनात वाढवला होता, आणि हा माणूस खोटं बोललाच नव्हता. त्याने माझी वायर कापली आणि विसरून गेला. खोटं बोलायला त्याला माझी निदान आठवण तरी ठेवावी लागली असती. राग कमी व्हायला हवा होता. तो दुप्पट झाला.

“ग्रुपवर लिहा,” मी म्हणाले. “आत्ता, इथे उभं राहून.”

“काय लिहू?”

मी एकेक शब्द सांगितला, त्यांनी टाइप केला. ‘शेठच्या गाडीची वायर मी कापली होती. तिचं काम बरोबर होतं.’ ‘तिचं’ खोडून मी माझं पूर्ण नाव घालायला लावलं.

मग सरांनी विचारलं, “नवी वायर तू ओढून देतेस?”

“नाही सर, तुम्ही ओढा. मी बघते.”

ते डॅशबोर्डखाली पाठीवर आडवे झाले. मी टॉर्च धरून उभी राहिले. त्यांनी नव्या वायरीच्या टोकावर टर्मिनल दाबून जोड केला. मी सांगितलं, “ओढून बघा.” निसटलं. दुसऱ्यांदा दाबलं, तेही निसटलं. तिसऱ्या वेळी त्यांनी जीव खाऊन ओढलं तरी हललं नाही. घामाने त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. शेठ दारात उभे राहून सगळं पाहत होते.

“कापा,” मी म्हणाले. “परत करा.”

तिसरा जोड पक्का होता.